गेरूची रेघ

एका नदीकाठच्या गावात पिंपळाखाली एक पार होता. त्या गावच्या विहिरी उन्हाळ्यात आटायच्या, कणग्या आषाढात रिकाम्या व्हायच्या, पण पार कधी रिकामा नसायचा. सकाळी गुरं सुटली की माणसं तिथे येऊन टेकायची आणि मतं द्यायची.

कशावरही द्यायची. राजाने प्रधान बदलावा की ठेवावा. पैसा मडक्यात पुरावा की म्हशीत घालावा. देवळाचा कळस निमुळता शोभला असता की गोल. पिठल्याच्या फोडणीत लसूण आधी पडावा की मिरची. त्यांच्यातल्या कुणी राजा पाहिलेला नव्हता. प्रधानाचं नावही धड कुणाला येत नव्हतं. पण त्यावाचून काही अडत नसे. पारावर बोलणाऱ्याला "तू पाहिलंस का?" असं कुणी विचारत नसे. ते वाईट दिसायचं.

त्या गावात दोन नावाडी भाऊ होते. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्याला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि धाकट्याला नीट चालता येत नव्हतं. थोरल्याने त्याला पाठीला बांधून वल्ही मारली. पुढे थोरला मोठा कारागीर झाला. स्वतः नाव बांधायचा आणि स्वतःच चालवायचा. बाजार पैलतीरावर भरायचा, वैद्य पैलतीरावर राहायचा, गावच्या निम्म्या सुना पैलतीरावरून आलेल्या. थोरल्यावाचून गावाचं पान हलत नसे.

थोरला फार बोलायचा नाही. कुणी काही विचारलं की आधी उठून बघायला जायचा, मग बोलायचा. तोवर विचारणारा बहुधा निघून गेलेला असायचा.

धाकट्याचं सगळं उलट. पंतोजींच्या शाळेत तो पाटी फुटेपर्यंत गेला, आणि पाटी त्यानेच फोडली. पण पारावर त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. शब्द तोंडात यायच्या आधीच बाहेर पडायचा, आणि एकदा पडला की तो त्याच्यासाठी भांडायचा.

"काय ठरलं आज?" रात्रीच्या जेवणाला बसलं की थोरला विचारायचा.

"राजाचं चुकतंय, दादा."

"मग आता राजा काय करणार?"

"ते त्याचं तो बघेल. आपण सांगितलं."

थोरला हसायचा आणि आपल्या ताटातला चतकोर त्याच्या ताटात सरकवायचा. "खा. राज्य चालवून दमला असशील." वहिनी चुलीकडे तोंड करून हसायची. धाकट्याला राग यायचा, पण चतकोर तो खायचा.

त्या घराण्यात नाव पाण्यात घालायची एक रीत होती. नाव बांधणाऱ्याला आपल्या नावेचा कल कळत नाही. तो आत बसलेला असतो, आणि आत बसलेल्याला सगळं सरळच वाटतं. म्हणून नवी नाव पाण्यात उतरवण्याआधी तिच्या दोन्ही अंगांना सारख्या उंचीवर गेरूची रेघ ओढायची. मग वाळूची पोती भरून नाव पाण्यात उभी करायची, नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, काठाकडे करून. बांधणारा नावेत बसणार आणि घरातलाच दुसरा माणूस काठावर उभा राहून दोन्ही रेघा बघणार. पाण्यापासून दोन्ही सारख्या वर असतील तर त्याने म्हणायचं, "सरळ." एक रेघ पाण्याला टेकत असेल तर नाव पुन्हा काठावर ओढायची. काठावरचा माणूस बोलेपर्यंत नावेतला उतरत नसे. त्यांच्या बापाने काठावर उभं राहून आजोबाला तसं सांगितलं होतं, आणि धाकटा उभा राहायला शिकल्यापासून थोरल्याला तोच सांगत आला होता.

एका साली जुनी नाव गळायला लागली. थोरल्याने ती डांबर भरून ठीक केली, पण गावाला आता मोठी नाव हवी होती. लाकूड गावाने दिलं. लाकूड दिलं म्हटल्यावर मतंही दिली.

वाणी म्हणाला, "नाळेवर मोराची मान कोरा. पैलतीरावरचे लोक बघत राहिले पाहिजेत."

पाटील म्हणाले, "मोर राहू दे. वर छत घाला. आम्ही काय उन्हात भाजून बाजाराला जायचं?"

छताची कल्पना धाकट्याची नव्हती. पण पारावर कुणीतरी "कशाला छत?" म्हणालं आणि धाकट्याने त्याला उत्तर दिलं. मग त्याने आणखी काही म्हटलं, धाकट्याने आणखी उत्तर दिलं. दुपारपर्यंत छत धाकट्याचं झालं होतं. संध्याकाळी तो घरी आला तो छत जिंकूनच.

थोरला तासणी खाली ठेवून म्हणाला, "छत वर, म्हणजे ओझं वर. नाव डोक्यात जड झाली की कलते. आणि तशी कलली की सावरत नाही."

"तुझं नेहमीचंच, दादा. नवीन काही म्हटलं की तुझं कपाळ आठ्यांनी भरतं. जन्मभर उन्हात वल्ही मारून पाठ बघ तुझी, करपलेल्या भाकरीसारखी झालीय."

थोरल्याने तासणी उचलून पुन्हा खाली ठेवली. भाऊ आपल्या पाठीबद्दल बोलला याचं त्याला बरं वाटलं असावं.

"नको म्हणत नाही मी. घालून बघू. पण रेघ नीट बघ. गेरू सांगेल तसं करायचं. वाकडी दिसली तर छत उतरवायचं, मग पाटील काही म्हणोत."

"हो रे."

"नुसतं हो नको."

"बघतो म्हटलं ना."

नाव देखणी झाली. छत वेताचं, चार खांबांवर बसवलेलं, कडेला झालर. ती पाण्यात घालायच्या दिवशी पार ओस पडला, कारण सगळा पार घाटावर आला होता. थोरल्याने गेरूचा खडा घेऊन दोन्ही अंगांना रेघ ओढली, पोती भरली, नाळ काठाकडे केली आणि कमरभर पाण्यातून चालत जाऊन नावेत चढला. धाकटा वरच्या पायरीवर उभा राहिला.

तेवढ्यात वाणी म्हणाला, "ऐकलंत का, राजा म्हणे नावांवर पट्टी बसवणार आहे."

"बसवू दे," पाटील म्हणाले. "त्याला खजिना नको का चालवायला?"

हे धाकट्याला सहन झालं नाही. तो वळला. "पाटील, नावेवर पट्टी, उद्या नदीवर पट्टी, परवा पोहणाऱ्यावर. हा सगळा त्या प्रधानाचा उद्योग. राजाला कुणी सांगत नाही म्हणून."

"तू जाऊन सांग मग."

"सांगेन. भितो की काय."

लोक हसले. एकाने प्रधानाची बाजू घेतली. धाकटा एक पायरी वर चढला.

नदीतून थोरल्याची हाक आली. "धाकट्या, रेघ कशी आहे?"

धाकट्याने पाठीमागे हात उंच केला. "सरळ आहे."

"नीट बघितलीस ना?"

"बघितली रे दादा. सरळ," तो म्हणाला आणि प्रधानाकडे परत आला.

थोरला नावेतून उतरला. पोती काढून झाली, नाव खुंट्याला बांधून झाली, तोवर इकडे पायरीवर प्रधानाला पदावरून काढूनही झालं होतं.

पहिली खेप बांधणाऱ्याने एकट्याने करायची, हीही रीतच. दुसऱ्या दिवशी बाजार होता. थोरल्याने नावेत गावच्या गुळाच्या ढेपा आणि ज्वारीची पोती भरली. वहिनीने नाळेवर हळदकुंकू वाहिलं. धाकटा काठावर उभा राहून सगळ्यांना छताची झालर दाखवत होता.

नाव मध्यावर गेली आणि पलीकडच्या खिंडीतून वारा आला. असा वारा तिथे रोजच येतो. जुनी नाव त्यात जराशी डुलायची, इतकंच. या वाऱ्याने छत धरलं. नाव एका अंगावर गेली. आता परत येईल, असं सगळ्यांना वाटलं. ती परत आली नाही.

थोरला पोहण्यात मासा होता. पण छत त्याच्यावर पडलं, टोपलीखाली कोंबडी झाकावी तसं. धाकटा कपड्यांनिशी पाण्यात धावला. तो पोचला तेव्हा नाव उताराला वाहत जाऊन वाळूला लागली होती. त्याने वेत दातांनी तोडला, हातांनी तोडला. आत भाऊ होता, आणि नव्हता.

माणसांनी नाव उलटी करून वाळूवर ओढली. सगळे थोरल्याभोवती जमले असताना धाकटा उठला आणि नावेच्या एका अंगाला गेला, मग दुसऱ्या अंगाला गेला. तो रेघ शोधत होता. दोन्ही रेघा पाण्याने धुऊन गेल्या होत्या.

काल त्या सरळ होत्या की एक पाण्याला टेकली होती, हे जगात एकाच माणसाला कळू शकलं असतं. त्या माणसाने पाहिलंच नव्हतं.

तेराव्याचं जेवण झाल्यावर गाव अंगणात बसलं होतं. वहिनी बाहेर आली. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "भावजी, रेघ सरळ होती ना?"

धाकट्याने वर पाहिलं. पाटील होते, वाणी होता, ज्यांना त्याने आजवर एकदाही वाद जिंकू दिला नव्हता ते सगळे होते. एवढंच म्हणायचं होतं, की मी पाहिलं नाही. तीन शब्द. एरवी त्याच्या तोंडून तीनशे शब्द विचार न करता पडायचे. त्या दिवशी मात्र त्याने विचार केला.

"सरळ होती, वहिनी," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

रेघ सरळ होती म्हटल्यावर पाराचा रस्ता मोकळा झाला. रेघ सरळ, तर नाव उलटली कशी? कुणी म्हणालं, लाकूड ओलं होतं. कुणी म्हणालं, खिळे कमी ठोकले. कुणी म्हणालं, मध्यावर गेल्यावर हात चुकला, वय झालं होतं. वय झालं नव्हतं, पण मताला वय कोण विचारतो. कुणीतरी हळूच छताचा विषय काढला, तेव्हा पाटील म्हणाले, "आम्ही फक्त मत दिलं होतं. बांधणारा तो होता. त्याला कळायला नको?"

धाकटा तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली. गावाला वाटलं, त्यालाही पटतंय.

हळूहळू सगळ्या गावाचं एकच मत झालं. थोरल्याचा हात कच्चा होता. आजवर बुडालो नाही हे नशीब. ज्या जुन्या नावेतून गावच्या वराती पैलतीरी गेल्या, पाटलांची सून बाळंतपणात अडली तेव्हा ज्या नावेतून थोरल्याने पुरात वैद्य आणला होता, त्या नावेत आता कुणी पाऊल ठेवेना. गावाने परगावचा एक नावाडी आणला. तो आपली नाव घेऊन आला. जुनी नाव काठावर ओढली गेली आणि तिथेच उन्हात तडकत राहिली.

पाणवठ्यावर बायका वहिनीला वाट द्यायच्या, पण मागून बोलायच्या. ती पाण्याला लांबच्या ओढ्यावर जायला लागली. एक दिवस म्हणाली, "भावजी, मी माहेरी जाते."

"कशाला?" धाकटा म्हणाला.

"इथे त्यांचं नाव चांगलं राहिलेलं नाही. तिथे त्यांच्याबद्दल असं कुणी बोलत तरी नाही."

धाकटा उठून अंगणात गेला. आणि त्याच सकाळी घाटाकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. चुनाभट्टीवाल्याने जुनी नाव सरपणाला मागितली होती आणि गावाने दिली होती. प्रत्येक घाव त्याला ऐकू येत होता. ती फळी कुठली, हेही आवाजावरून कळत होतं. त्याच फळ्यांवर तो लहानाचा मोठा झाला होता.

तो पळत पारावर गेला.

"मी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?" वाण्याने विचारलं.

"रेघ. दादाने विचारलं तेव्हा माझी पाठ होती नदीकडे. मी तुमच्याशी भांडत होतो. मी न बघता सरळ म्हटलं. दादाचा हात कच्चा नव्हता. दादा म्हणाला होता की छताने नाव कलेल. रेघ वाकडी असती तर तो छत उतरवणार होता. त्याने मला दोनदा विचारलं."

पाटलांनी विचारलं, "म्हणजे रेघ वाकडी होती?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही, मग त्याचा हात कच्चा नव्हता असं कशावरून म्हणतोस?"

"पाटील, मी सांगतो ना, मी पाहिलंच नाही."

"त्या दिवशी घाटावर सरळ म्हणालास. तेराव्याला सरळ म्हणालास. आज म्हणतोस पाहिलं नाही. उद्या काय म्हणशील?"

वाण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात दया होती, तीच जास्त लागली. "भावाची माया आहे, समजतं आम्हाला. बस इथे. हे तुझं मत झालं. प्रत्येकाचं एक मत असतं."

"हे मत नाही," धाकटा म्हणाला. "मी तिथे होतो."

पण आयुष्यभर तो पारावर असंच ठासून बोलत आला होता. राजाबद्दल असंच, कळसाबद्दल असंच, लसणाबद्दलही असंच. त्याच्याकडे खऱ्यासाठी वेगळा आवाज उरला नव्हता. कुणीतरी मिठाच्या भावाचा विषय काढला आणि सगळे तिकडे वळले.

तो घरी आला. वहिनी बोचकं बांधत होती. तो उंबऱ्यातच बसला. "वहिनी, मी रेघ पाहिली नव्हती."

तिने गाठ मारली. "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"मी खालच्या पायरीला भांडी घासत होते. नावेचं एकच अंग दिसत होतं मला, म्हणून रेघा कळल्या नाहीत. पण तुमची पाठ दिसत होती. तेव्हा वाटलं, आधी बघून मग वळला असाल; नाव उलटली तेव्हा उमगलं."

"मग तेराव्याला मला विचारलंस का?"

"तुम्ही सांगाल म्हणून. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई नवऱ्याची बाजू घेते. तुमचं त्या दिवशी ऐकलं असतं, भावजी. त्या दिवशी सगळे रडत होते." ती थांबली. "पाण्यात शिरताना मी त्यांना म्हटलं होतं, जपून. ते म्हणाले, धाकटा बघतोय ना काठावरून, मग काळजी कसली."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने थोरल्याच्या हत्यारांच्या पिशवीतून गेरूचा उरलेला खडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. मग बोचकं उचललं. घाटापर्यंत तो मागोमाग गेला. परगावच्या नावाड्याने तिला नावेत घेतलं. ती नदीकडे तोंड करून बसली आणि पैलतीर येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

धाकटा अजून त्या गावात आहे. आसपास कुठेही नवी नाव पाण्यात घालायची असली की तो न बोलावता जातो, गेरूने रेघ ओढतो आणि काठावर उभा राहतो. तेवढ्याने त्याचं भागत नाही. पाण्यात उतरतो, एका अंगाची रेघ बोटाने चाचपतो, मग दुसऱ्या अंगाची. नावाडी वैतागतो. "अरे, सांग की लवकर, सरळ आहे का?" धाकटा परत काठावर येतो, परत बघतो, आणि मग कुठे बोलतो.

पारावर सुरुवातीला त्याला लोक विचारत, "काय रे, राजाबद्दल काय म्हणतोस?"

"मी पाहिला नाही त्याला," तो म्हणायचा.

अशा माणसाशी गप्पा काय मारणार? आता कुणी विचारत नाही.

रात्री तो एकटाच भाकरी करतो. थापायला जमत नाही, कडा फाटतात. मोडताना सवयीने तो थांबतो, कुणीतरी काहीतरी विचारील म्हणून. काय ठरलं आज. मग ताटाकडे बघतो आणि सगळी भाकरी स्वतःच संपवतो. चतकोर सरकवणारा हात नाही, आणि आता सरकवायला आपल्यासमोरही कुणी नाही.

तात्पर्य: आपल्या एका शब्दावर कुणी नावेतून उतरणार किंवा नावेत चढणार असेल, तर तो शब्द उच्चारण्याआधी मान वळवून पाहावं. आणि पाहिलं नसेल, तर तसं त्याच दिवशी सांगावं. मत उद्या बदलता येतं. काठावरून हाक मारून खरं सांगावं, तर भाऊ उद्या नसतो.